वाचकांचे प्रश्न : पट घटला, विषय तेवढेच राहिले

प्रश्न : विकसनशील देशांत माध्यमिक शिक्षकांचा मोठा तुटवडा आहे, असे वाचनात येते. आपल्या देशाची सरासरी मात्र समाधानकारक दिसते. मग आमच्या खाडीकाठच्या हायस्कुलात दहावीला गणिताचा शिक्षक का नाही? (एक पालक, राजापूर तालुका)

उत्तर : आपण वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. युनेस्कोच्या अंदाजानुसार 2030 पर्यंत जगाला प्राथमिक व माध्यमिक मिळून सुमारे 4 कोटी 40 लाख नवे शिक्षक लागतील आणि त्यांपैकी दहांतले सात माध्यमिक शाळांसाठी हवे आहेत. भारतात 2024-25 च्या यूडायस (शाळांची सरकारी माहिती-नोंद) अहवालानुसार शालेय शिक्षकांची संख्या 1 कोटीच्या वर गेली असून माध्यमिक स्तरावर एका शिक्षकामागे 21 विद्यार्थी आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अपेक्षा 30 च्या आत राहण्याची आहे.

अडचण या भागाकारातच आहे. प्राथमिक शाळेत एक गुरुजी वर्गाचे सगळे विषय सांभाळू शकतात, परंतु दहावीला तीन भाषा, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल एवढा अभ्यासक्रम असतो. आठवी ते दहावीत 22, 20 आणि 18 मुले असलेली शाळा धरा. एकूण 60 मुलांना तिसांच्या हिशेबाने दोन शिक्षक पुरतात, पण ते दोघे काय काय शिकवणार?

कोकणात अशा शाळा थोड्या नाहीत. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची सुमारे 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आणि सिंधुदुर्गाची 8 लाख 69 हजारांवरून 8 लाख 50 हजारांवर आली. तरुण कुटुंबे मुंबईला गेली की आधी बालवाडीचा पट घटतो आणि काही वर्षांनी हायस्कुलाचा. संचमान्यता, म्हणजे शाळेला शासनाकडून मिळणारी शिक्षकपदांची मंजुरी, पटावर ठरते, त्यामुळे एखादी तुकडी लहान झाली की पद जाते. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने हे निकष बदलले, तेव्हा शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला तो लहान शाळांच्या काळजीनेच. त्याआधी 2 मे 2012 पासून भरतीवर आलेल्या बंदीमुळे निवृत्तांच्या जागाही वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या होत्या.

मी स्वतः भाषाशिक्षक होतो. एका वर्षी गणिताचे सर निवृत्त झाले आणि त्यांचे तास माझ्याकडे आले. आदल्या रात्री मी वर्गसमीकरणे सोडवून पाहत असे, तरी मागच्या बाकावरची एक मुलगी सूत्राच्या पुढे ‘का?’ विचारी, तेव्हा माझ्या हातातला खडू थांबत असे. ती उत्तीर्ण झाली, पण पुढे विज्ञान शाखेकडे वळली नाही. त्याची टोचणी मला आजही आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग सातत्याने पहिला असतो, 2025 मध्येही तो 98.82 टक्के होता. या यशामागे शिक्षकांचे आणि मुलांचे अपार कष्ट आहेत, परंतु तेवढ्यावरून प्रत्येक विषयाला शिक्षक आहे असे समजणे मुलांवर अन्याय करणारे आहे. लहान शाळा बंद करून मुलांना दूर पाठवावे, हा उपायही मला पटत नाही. खाडीला वळसा घालून जाणारी एसटी पावसाळ्यात चुकली, तर त्या दिवसाची शाळाच बुडते. शेजारच्या दोन-तीन हायस्कुलांना मिळून गणित-विज्ञानाचा एक पूर्णवेळ शिक्षक मंजूर करणे, त्याला प्रवासभत्ता देणे आणि वेळापत्रक एकत्र आखणे अधिक योग्य ठरेल.

आपल्यापुरते सांगायचे तर मुख्याध्यापकांकडे चालू वर्षाची संचमान्यता पाहायला मागा. शाळा अनुदानित असेल, तर माहितीच्या अधिकारातही ती मागता येते. पद मंजूर असून रिक्त असेल, तर बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही) तपासून घेऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात देण्यासाठी संस्थेकडे लेखी पाठपुरावा करा. पदच मंजूर नसेल, तर गावाच्या भूगोलाचा आणि विषयांच्या तासांचा तपशील जोडून शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे निवेदन द्यावे लागेल, आणि त्यावर शेजारच्या शाळांतील पालकांच्याही सह्या घ्याव्यात.