प्रोपेन खरंच स्वच्छ इंधन आहे का?

कोळसा-डिझेलच्या तुलनेत, हो. सौरऊर्जेच्या पंगतीला मात्र बसवू नका, शेवटी ते खनिज इंधनच. तेवढ्याच उष्णतेसाठी प्रोपेनमधून डिझेलपेक्षा साधारण 15 टक्के आणि कोळशापेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी कार्बन डायऑक्साइड निघतो.

माझ्या मते खरा फायदा काजळीचा. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचंच मिश्रण असतं. चुलीवरचं पातेलं बुडाला काळंकुट्ट होतं, गॅसवरचं होत नाही. (होत असेल तर बर्नर साफ करा, हवा कमी पडतेय.) चुलीची तीच काजळी स्वयंपाक करणाऱ्याच्या फुप्फुसातही जाते.

गळती झाली तर? मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) हवेत दशकभर टिकून तापमान वाढवत राहतो, प्रोपेन काही आठवड्यांतच विघटित होतो. पण तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला की आधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका.