वार्षिकांकातली समीक्षा ठेवावी की वगळावी?

प्रश्न : मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि यंदा आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या विद्यार्थी संपादक मंडळावर आहे. कवितांचा ढीग साचला आहे. समीक्षालेख मात्र मोजकेच आले आणि तेही गाइडातून उतरवल्यासारखे वाटतात. समीक्षा विभाग वगळावा, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. काय करावे? आणि कवितांमध्ये संपादकांनी किती फेरफार करावेत?

उत्तर : विभाग वगळू नका, लेख परत पाठवा; मात्र 'दर्जेदार नाही' एवढा शेरा मारून थांबू नका. समजा, बालकवींच्या 'औदुंबर'वर लेख आला आहे आणि त्यात 'कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे' असे वाक्य आहे. हे वाक्य कोणत्याही निसर्गकवितेला चिकटते, म्हणूनच ते कोणत्याच कवितेच्या कामाचे नाही. लेखिकेला विचारा, या आठ ओळींत रंग कोणत्या क्रमाने येतात? हिरवाळी, मग निळासावळा झरा, पुन्हा शेतमळ्यांची हिरवी गर्दी, तिच्यातून निघालेली पांढरी पायवाट, आणि ती वाट जाते काळ्या डोहाकडे. गाव आहे, शेत आहे, वाट आहे, म्हणजे माणसाच्या सगळ्या खुणा आहेत. माणूस मात्र एकही दिसत नाही, आणि पाण्यात पाय सोडून बसण्याची त्याची लकब झाडाने उचलली आहे. इतके टिपल्यावर लाटांवर पसरणारा काळिमा कवीला 'गोड' का वाटला असावा, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे तिने दिलेले उत्तर आपल्याला पटो वा न पटो, ते कवितेशी ताडून पाहता येईल, आणि विद्यार्थ्यांच्या समीक्षेकडून मी तेवढीच अपेक्षा करतो.

याच कवितेवरच्या लेखांत आणखी एक पळवाट हमखास सापडते. बालकवींचा १९१८ मध्ये रेल्वे अपघातात मृत्यू झाला, हे पहिल्याच परिच्छेदात सांगायचे आणि काळा डोह म्हणजे त्या मृत्यूची चाहूल, असे ठरवून मोकळे व्हायचे. चरित्र जरूर द्यावे, पण अर्थाचे ओझे कवितेतल्या शब्दांनी पेलले पाहिजे.

कवितांच्या बाबतीत परंपरा दोन्ही बाजूंनी बोलते. 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करून पुनर्लेखन करवून घेत, आणि त्यातून उत्तम कथा घडल्या. तर त्याच नियतकालिकाच्या साहित्यिक वर्चस्वाविरुद्ध साठच्या दशकात लघुनियतकालिकांनी, म्हणजे तरुण लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांनी, बंड पुकारले. तुम्ही पटवर्धनांकडून पत्र लिहिण्याची चिकाटी घ्यावी. कोणते कडवे सैल पडले, कुठे यमकासाठी शब्द ओढून आणला, हे कवीला कळवावे आणि बदल त्याच्याच हातून व्हावा. त्याने नकार दिला, तर कविता आहे तशी छापावी किंवा परत करावी. कविता अंकाला दिली तरी तिचा स्वामित्वहक्क, लेखी हस्तांतर केले नसेल तर, विद्यार्थ्याकडेच राहतो.

ऱ्हस्व-दीर्घ अवश्य तपासा, पण बोलीला हात लावू नका. खेड्यातून आलेला मुलगा अहिराणीत किंवा वऱ्हाडीत लिहितो आणि मुद्रितशोधक त्याचे क्रियापद पुण्याच्या वळणावर नेऊन बसवतो, हा वार्षिकांकांतला जुना आजार आहे. (असे 'शुद्ध' झालेले कडवे लयीत म्हणून पाहा, ठेच कुठे लागते ते लगेच कळेल.) बोलीतल्या कवितेचे मुद्रित शेवटच्या फेरीत कवीच्याच हाती द्या.

जागा उरली, तर अंकातल्याच एखाद्या कवितेवर दुसऱ्या विद्यार्थ्याकडून दोन पाने लिहून घ्या आणि कवीची संमती घेऊन ती कवितेशेजारी छापा. वर्गातल्या मैत्रीमुळे अशा लेखात आधी कौतुकच येईल. तेव्हा वर 'औदुंबर'साठी सांगितलेले प्रश्न त्याही लेखकाला विचारा.