ड्रोन आपोआप उडतो, मग पैसे कशाचे?

प्रिय होतकरू वैमानिका,

तुझा मेल वाचला. कोर्स कोणता करू, प्रमाणपत्र मिळायला किती वेळ लागेल आणि ड्रोन कोणता घेऊ, असे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याचं उत्तर आधी देते: इतक्यात घेऊ नकोस. निदान कामाचा, महागडा तरी नको. सुरुवातीला खऱ्यासारखा कंट्रोलर जोडून संगणकावर चालणारा सिम्युलेटर पुरे. तिथे शंभर वेळा आपटलास तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आजचा ड्रोन स्वतःच उडतो. स्टिकवरची बोटं काढली तरी जागच्या जागी उभा राहतो, आखून दिलेल्या रेषांवर फोटो काढत फिरतो, बॅटरी उतरायला लागली की माघारी येतो. एका दुपारी कुणालाही जमेल. मग ग्राहक आपल्याला पैसे कशाचे देतो? यंत्राला जे कळत नाही आणि यंत्र ज्या क्षणी हात टेकतं, त्याचे. तुझं शिक्षण या उरलेल्या भागाचं असायला हवं. बरेच कोर्स मात्र बटणांची ओळख करून देण्यातच संपतात.

म्हणून पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाला एकच गोष्ट विचार: जीपीएस बंद करून उडवायला देता का? उंच इमारतींच्या मधे किंवा पुलाखाली पुरेसे उपग्रह दिसत नाहीत. मग बरेच ड्रोन ॲटिट्यूड मोडमध्ये जातात. हवेच्या दाबावरून उंची सांभाळली जाते, पण जागा धरून ठेवणारं कुणी नसतं. वारा नेईल तिकडे ड्रोन निघतो आणि तो थोपवायचं काम तुझ्या बोटांवर येतं. त्यात ड्रोनचं तोंड तुझ्याकडे असेल तर डावं-उजवं उलटं होतं. उजवीकडे स्टिक दिली की तो तुझ्या डावीकडे जातो. हे डोक्याला लगेच कळतं, बोटांना कळायला बराच काळ लागतो. चारही दिशांना तोंड करून एका जागी स्थिर ठेवणं, मग चौकोन, मग आठचा आकडा, असा कंटाळा येईपर्यंत सराव कर. आणखी एक सवय लावून घे: ड्रोन सरळ खाली, झपाट्याने उतरवायचा नाही. तो स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत शिरतो, पंख्यांना उचल मिळेनाशी होते आणि थ्रॉटल, म्हणजे पंख्यांचा जोर, वाढवून उपयोग होत नाही. पुढे किंवा बाजूला सरकून त्या हवेतून बाहेर पडावं लागतं.

‘रिटर्न टू होम’वर, म्हणजे आपोआप घरी परतण्याच्या सोयीवर, सगळ्यांची फार श्रद्धा असते. संपर्क तुटला की ड्रोन बहुधा आधी ठरलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो आणि तिथून घरची वाट धरतो. आता तू पुलाच्या तुळयांची तपासणी करतोयस असं समज. ड्रोन पुलाखाली, तू काठावर, मधे खांब आल्याने सिग्नल गेला. तो इमानेइतबारे वर चढतो आणि पुलाच्या पोटावर आदळतो. यंत्राने काहीच चूक केलेली नसते, त्याला जे सांगून ठेवलं होतं तेच त्याने केलं. अशा ठिकाणी सिग्नल गेल्यावर जागीच थांबण्याची सेटिंग लागते. मोकळ्या जागी परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर ठेवावी लागते. प्रत्येक जागी हे नव्याने तपासायचं. कालची सेटिंग कालच्या जागेची.

बॅटरीचंही तसंच. ड्रोनच्या बॅटरीतला साधा लाइपो (लिथियम-पॉलिमर) सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, नाममात्र ३.७ धरतात. पडद्यावरची टक्केवारी हा निव्वळ अंदाज असतो. थंडीत किंवा जोराच्या वाऱ्यात भार वाढला की व्होल्टेज एकदम बसतं आणि ३० टक्क्यांचे १५ व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे परतताना वारा पाठीशी असतो. जमिनीवर वाऱ्याची झुळूक असली तरी १०० मीटर उंचीवर वारा बराच जास्त असू शकतो. फुगलेली बॅटरी ‘अजून एक फेरी काढेल’ म्हणून ठेवायची नाही. विषय संपला.

प्रमाणपत्राचं म्हणशील तर ते देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत २०१६ पासून लागू असलेल्या ‘भाग १०७’ नियमांखाली ६० प्रश्नांची परीक्षा ७० टक्क्यांनी पार केली की झालं, प्रत्यक्ष उडवून दाखवावं लागत नाही. भारतात ड्रोन नियम २०२१ नुसार डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्यात उडवणंही येतं. युरोपात उड्डाणाचा धोका किती, यावरून अटी ठरतात. पण सगळीकडे समान धागे आहेत: साधारण १२० मीटरची मर्यादा, विमानतळांपासून लांब राहणं आणि ड्रोन स्वतःच्या डोळ्यांना दिसत राहणं.

यातली शेवटची अट नवख्यांना जाचक वाटते. पडद्यावर सगळं दिसतंय की, असं म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्याच्या वेळी एकाने हौसेखातर आपला ड्रोन सुमारे अडीच किलोमीटर आगीकडे नेला. ड्रोन नजरेआड झाला आणि पाणी टाकणाऱ्या कॅनडाच्या विमानाला धडकला. पंखाला भोक पडलं. ते विमान ऐन आगीत काही दिवस जमिनीवर राहिलं. कॅमेरा समोरचं दाखवतो. बाजूने येणारं विमान त्यात दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही.

आता कमाईबद्दल. नुसतं उडवता येणारे पुष्कळ आहेत. एक क्षेत्र धर: सर्वेक्षण, तपासणी, फवारणी, चित्रीकरण. त्या क्षेत्राची भाषा शीक. सर्वेक्षणाचा ग्राहक ‘छान फोटो’ मागत नाही, एका पिक्सेलमध्ये जमीन किती येणार ते विचारतो. हे कागदावर काढता यायला हवं. कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी १३.२ मिलिमीटर, लेन्सची फोकल लांबी ८.८ मिलिमीटर, फोटोची रुंदी ५४७२ पिक्सेल आणि उड्डाणाची उंची १०० मीटर असेल तर एका पिक्सेलमागे साधारण २.७ सेंटिमीटर. ग्राहकाला दीड हवे असतील तर ५५ मीटरच्या आसपास उतरावं लागेल. मग फेऱ्या वाढल्या, बॅटऱ्या वाढल्या, दर वाढला. हा हिशोब समोर बसून करून दाखवलास की घासाघीस निम्म्यावर येते, असा माझा अनुभव आहे. ‘ऑटो’ बटण असा हिशोब देत नाही.

विमा आणि जागामालकाची लेखी परवानगी, दोन्ही कामाआधी. यात चर्चेसारखं काही नाही. उड्डाणांची नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेव आणि रद्द केलेली उड्डाणंही कारणासकट लिही. काम द्यायला बसलेला जाणकार माणूस ती पानं आधी उघडतो. वाऱ्याची मर्यादा घरी बसून आकड्यात ठरव, साइटवर नको. तिथे पन्नास माणसं ताटकळत असतात आणि ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणणारा एक तरी असतोच.

पुढच्या मेलबरोबर एका काल्पनिक कामाचा आराखडा पाठव. जागा तूच निवड. टेकऑफ कुठून, सर्वांत उंच अडथळा कोणता, परतीची उंची किती, सिग्नल गेला तर काय, किती टक्क्यांवर माघारी फिरायचं आणि किती वाऱ्याला उडवायचंच नाही, एवढं एका पानात बसव. मी लाल पेन घेऊन बसते.

तुझी,
ताई