तुमच्या हातातलं ‘द रिटर्न ऑफ सुपरमॅन’ अर्धंच आहे

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. तुम्ही म्हणता, ‘द डेथ ऑफ सुपरमॅन’ संपवलं, लगेच ‘द रिटर्न ऑफ सुपरमॅन’ मागवलं, आणि पहिल्या काही पानांतच सगळं हातातून निसटलं. चार-चार सुपरमॅन आले कुठून, अर्धा चेहरा यंत्राचा असलेला तो गडी खलनायक आहे हे आधीच ठरलेलं कसं, कोस्ट सिटी कधी बेचिराख झाली, आणि ग्रीन लँटर्न हा दुसराच सुपरहिरो एवढा का पेटलाय? शेवटी विचारलंत की कॉमिक्स वाचायची अक्कल मला नाही, की दुकानाने भलतंच पुस्तक दिलं?

तुमच्या वाचण्यात काही खोट नाही. आधी एक विनंती: ते पुस्तक आत्ता मिटून ठेवा. पुढचं पान उलटू नका. का ते सांगतो.

‘द रिटर्न ऑफ सुपरमॅन’ या एकाच नावाची दोन वेगळी पुस्तकं बाजारात फिरतात. १९९३ सालच्या जाडजूड खंडात चौघा वारसदारांची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. २०१६ मध्ये प्रकाशकाने (डीसी कॉमिक्सने) सगळी मालिका चार खंडांत नव्याने काढली: मृत्यू, मग ‘फ्युनरल फॉर अ फ्रेंड’, मग ‘रेन ऑफ द सुपरमेन’, आणि चौथ्या खंडाला नाव दिलं पुन्हा ‘द रिटर्न ऑफ सुपरमॅन’. म्हणजे नव्या ‘रिटर्न’मध्ये फक्त उत्तरार्ध येतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे हाच चौथा खंड आलाय. तुम्ही पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारली, आणि ती मारायला लावली दुकानाने.

हे मला इतक्या खात्रीने सांगता येतं कारण माझ्या बाबतीत हेच घडलं. दुकानाचं नाव घेत नाही, इथे तो वाद नको. त्यांच्या पानावर फोटो जुन्या खंडाचा होता, वर्णनात ‘संपूर्ण कथा’ असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि पार्सलमधून निघाला नवा चौथा खंड. तक्रार केली, दोन्ही मुखपृष्ठांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. उत्तर आलं की पुस्तकाचं नाव जुळतं, प्रकाशक जुळतो, प्रत सुस्थितीत आहे, सबब तक्रार निकाली. फोन केला तर पलीकडच्या बाईंनी विचारलं, “सर, पुस्तक उघडलंय का?” उघडल्याशिवाय चुकीचं आहे हे कळणार कसं? उघडलंय म्हटल्यावर प्रत ‘वापरलेली’ ठरली आणि परतीचा मार्ग बंद झाला. त्या विभागात एकालाही अनुक्रमणिकेचं पान उघडून बघावंसं वाटलं नाही. पुस्तकं विकणाऱ्या माणसांनी पुस्तक बघायचं नाही, फक्त नाव बघायचं, याचा मला आजही संताप येतो.

पैशांचं दुःख एवढं नाही, पैसे इकडे-तिकडे जातातच. पण त्या चुकीने या कथेतली जी गोष्ट गेली ती कुठल्याच दुकानाला भरून देता येणार नाही. ती म्हणजे शंका.

जरा मागे जाऊ. १८ नोव्हेंबर १९९२ रोजी ‘सुपरमॅन’चा ७५ वा अंक आला आणि डूम्सडे नावाच्या राक्षसाशी लढता लढता सुपरमॅन मेला. (त्या लढाईच्या शेवटच्या चार अंकांत प्रत्येक पानावरच्या चौकटी आधी चार, मग तीन, मग दोन आणि ७५ व्या अंकात एकच अशा कमी होत जातात. पहिल्या वाचनात लक्षात आलं नसेल तर परत चाळा, बघण्यासारखं आहे.) मग अंत्ययात्रा, शोक, आणि त्यानंतर प्रकाशकाने मालिका काही काळ चक्क थांबवली. एप्रिल १९९३ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’चा ५०० वा अंक आला आणि त्याच्या शेवटी एकदम चार जण उभे राहिले. थडग्यात प्रेत नाही. आणि सुपरमॅनच्या चार नियतकालिकांत प्रत्येकी एक दावेदार. दर आठवड्याला एक अंक, म्हणजे दर आठवड्याला वेगळा दावेदार.

तेव्हाच्या वाचकाला महिनोन् महिने कळत नव्हतं की यातला खरा कोण, की कुणीच नाही. तुमच्या-माझ्या प्रतीने त्यातलं एक उत्तर पहिल्याच पानांवर फोडून टाकलं. म्हणून म्हणतो, मिटून ठेवा. एक गेलं, बाकीचं अजून शिल्लक आहे. ‘खरा कोण’ या प्रश्नाचं उत्तर मी म्हणूनच इथे देणार नाही, राग मानू नका.

पण चौघे काय घेऊन उभे राहतात तेवढं सांगतो, कारण ते पूर्वार्धातच उघड होतं.

क्रिप्टनचा, म्हणजे सुपरमॅनच्या मूळ ग्रहाचा, अखेरचा पुत्र म्हणवणारा एक, डोळ्यांवर पिवळा चष्मा. शक्ती तीच, चेहरा तोच, पण दया नाही. गुन्हेगारांना ज्या थंडपणे शिक्षा देतो ते बघून अंगावर काटा येतो. दुसरा तुमचा यांत्रिक सुपरमॅन. तिसरा लेदर जॅकेटवाला पोरगा, कानात डूल. प्रयोगशाळेत तयार केलेला क्लोन, आणि ‘सुपरबॉय’ म्हटलं की भडकतो. त्याच्यामागे वृत्तवाहिनी लागते, मॅनेजर लागतो, नावाच्या हक्कावरून व्यवहार सुरू होतात. मेलेल्या माणसाच्या चिन्हाचं काय काय होऊ शकतं ते लेखक कार्ल केसेलने या पोराच्या अंकांत फार नेमकं दाखवलंय. बरेच जण हा भाग पोरकट म्हणून सोडून देतात. सोडू नका.

आणि चौथा जॉन हेन्री आयर्न्स. पूर्वी शस्त्रं बनवणारा अभियंता. त्याने आखलेल्या बंदुका आता सुपरमॅनच्या मेट्रोपोलिस शहरातल्या टोळक्यांच्या हातात आहेत. डूम्सडेच्या लढाईत तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता. कथा पुन्हा सुरू होते तेव्हा तो त्या ढिगाऱ्यातून वर येतो आणि डूम्सडेला थांबवायचंय एवढंच पुटपुटतो. लढाई संपून किती दिवस झालेत याचा त्याला पत्ताही नाही. पुढे पोलादी चिलखत बांधतो, हातात घण घेतो, छातीवर तेच चिन्ह लावतो. पण मी सुपरमॅन आहे असं तो एकदाही म्हणत नाही. माझ्या मते (आणि हे माझं मत आहे, इथे अनेकांना पटणार नाही) चौघांत जागा भरायला लायक होता तो हाच. लुइस सायमनसन आणि जॉन बोग्डानोव यांचे ते ‘मॅन ऑफ स्टील’चे अंक, २२ पासूनचे, मी कितीही वेळा वाचू शकतो.

आता यांत्रिकाबद्दल. तुमच्या प्रतीत तो थेट शत्रू म्हणून समोर येतो. पण ‘सुपरमॅन’च्या ७८ व्या अंकात सुपरमॅनची प्रेयसी, पत्रकार लोइस लेन त्याला प्राध्यापक हॅमिल्टनकडे तपासायला घेऊन जाते. यंत्राचे भाग सुपरमॅनला जिथे जिथे जखमा झाल्या तिथेच बसवलेले, धातू क्रिप्टनचा, शरीराची तपासणीही जुळते. शास्त्रज्ञ म्हणतो, हाच. आठवणी पुसट झाल्यात असं तो सांगतो. कॅन्ससमधलं एक शेत आणि केंट हे नाव तेवढं आठवतं. लोइस ऐकत उभी आहे. तिचा होणारा नवरा क्लार्क केंट, म्हणजे खुद्द सुपरमॅनच, जगाच्या दृष्टीने ‘बेपत्ता’ आहे, तिला मोकळेपणाने रडायचीही सोय नाही, आणि समोरचा नेमकं तेच नाव घेतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्या पानावर हा खरा असावा असं मनापासून वाटायला हवं. तुम्हाला आणि मला ते कधीच वाटणार नाही, कारण आपण उत्तर आधी वाचलं. मी नंतर पूर्वार्ध मिळवून वाचला तेव्हा हे पान सगळ्यात जास्त टोचलं.

आपल्याकडे पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गेली, चौकशा झाल्या, शेवटी १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. आणि पार्वतीबाईंनी वैधव्य असं मानलंच नाही. ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकलेली असते, म्हणून लोइसचे हे प्रसंग मराठी वाचकाला जास्त भिडतात असं मला वाटतं. मारामारी चौघांची असली तरी खरी कसोटी ओळखणाऱ्याची आहे. तिला एकेक जण येऊन भेटतो आणि प्रत्येकात थोडं थोडं काहीतरी जुळतं. हे पूर्वार्धात आहे. उत्तरार्ध बहुतेक युद्धच.

म्हणून आता काय करायचं. ‘फ्युनरल फॉर अ फ्रेंड’ जमल्यास मिळवा. थोडं लांबलंय, पण स्मॉलव्हिलमध्ये सुपरमॅनला वाढवणारं केंट दांपत्य आपल्याच मुलाची अंत्ययात्रा टीव्हीवर बघतं तेवढ्यासाठी तरी. ‘रेन ऑफ द सुपरमेन’ मात्र मिळवायलाच हवं. घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो मागा, मुखपृष्ठाचा नको. त्यात ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ ६८७, ‘मॅन ऑफ स्टील’ २२, ‘सुपरमॅन’ ७८ आणि ‘अ‍ॅडव्हेंचर्स’ ५०१ हे चार अंक दिसले पाहिजेत. तिथे चौघांची ओळख आहे. जो विक्रेता हा फोटो द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका, कितीही सवलत असो. आवृत्त्या सारख्या निघतात, मजकूर इकडचा तिकडे होतो, तेव्हा मी सांगितलंय म्हणून डोळे झाकून पैसे भरू नका, अंकांचे आकडे स्वतः ताडून बघा.

काही जण सल्ला देतात की आधी एकाच दावेदाराचे सगळे अंक वाचा, मग दुसऱ्याचे. कृपा करून तसं करू नका. एकाचा दावा मनात ताजा असताना दुसरा समोर यावा, अशीच रचना केलेली आहे. सुटे अंक जमवत असाल तर १९९१ पासून बरीच वर्षं सुपरमॅनच्या मुखपृष्ठांवर एक छोटा त्रिकोण असायचा, त्यात वर्ष आणि क्रमांक. नियतकालिकाचं नाव विसरा, त्रिकोणातल्या आकड्यांप्रमाणे अंक लावा.

२०१८ आणि २०१९ मध्ये यावर दोन अ‍ॅनिमेशनपट आलेत. वाईट नाहीत, पण कॉमिक्सच्या आधी बघू नका, कारण तेच.

ग्रीन लँटर्नचं राहिलं. कोस्ट सिटी हे त्याचं, म्हणजे हॅल जॉर्डनचं, गाव. सत्तर लाख माणसं एका तडाख्यात गेली आणि तेव्हा तो पृथ्वीवर नव्हता. ‘ग्रीन लँटर्न’चा ४६ वा अंक याच कथेचा भाग आहे, तुमच्या खंडात असेल तर क्रमाने येईल तेव्हाच वाचा. त्याचं पुढे काय झालं ते १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या ४८ ते ५० या अंकांत आहे, पण ते वेगळंच प्रकरण, हे सगळं संपल्यावर हाती घ्या.

दुकानाकडे तक्रार मात्र जरूर करा, आणि ‘प्रत चुकीची आहे’ असं मोघम लिहू नका. जाहिरातीतल्या वर्णनाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण माझी तक्रार गेल्यावर त्यांनी ते ‘संपूर्ण कथा’ शब्द गुपचूप काढून टाकले होते.