लोक अनोळखी माणसाला मदत का करतात? शेवटी त्यातही स्वार्थच असतो ना?

तुमचं म्हणणं असं की मदत केली की करणाऱ्यालाच बरं वाटतं, चारचौघांत नाव होतं, पुण्यही पदरात पडतं. मग निःस्वार्थ मदत उरते कुठं? मी कोल्हापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो आणि दर वर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी हाच प्रश्न विचारतो. पूर्वी मी पुस्तकातली चार मतं सांगून पुढच्या धड्याकडं वळायचो. २०१९ च्या महापुरानंतर तसं करवत नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग बंद, पंपांवर पेट्रोल नाही, आणि सगळीकडं पाणीच पाणी असताना नळ मात्र कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. आमच्या पेठेतल्या तालमीत चुली पेटल्या. घराघरांतून पीठ आलं, खेड्यांतून टेम्पो भरून भाकऱ्या आल्या, कुणी खरड्याचा डबा आणून ठेवला आणि नावही न सांगता गेला.

तिथं एक काका दिवसभर भाकऱ्या फडक्यात बांधत बसलेले. त्यांच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. मी विचारलं, "काका, तुमच्या घराचं काय?" हात न थांबवता ते म्हणाले, "घर पाण्यात हाय. पाणी उतरल्याबिगर तिथं माझं काय काम? काम हितं हाय."

यात स्वार्थ शोधायचाच म्हटलं तर शास्त्रात सोय आहे. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये मांडलं की प्राणी रक्ताच्या नातलगांसाठी झळ सोसतात, कारण त्यातून त्यांचीच जनुकं पुढं जातात. ट्रिव्हर्स या दुसऱ्या जीवशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये परतफेडीचं गणित मांडलं: आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. दोन्ही विचार मोलाचे आहेत. पण मदतीची वृत्ती माणसात आली कशी, एवढंच ते सांगतात. मदत करताना त्याच्या मनात काय असतं, ते सांगत नाहीत. भूक लागते ती शरीर टिकावं म्हणून. पण तांबडा रस्सा ओरपणारा माणूस शरीर टिकवण्याचा विचार करत नसतो, त्याला रस्साच हवा असतो. तसंच, भाकरी बांधणाऱ्या काकांना समोरच्या उपाशी माणसाच्या पोटात भाकरी जायला हवी होती.

आता 'बरं वाटतं' या मुद्द्याकडं येतो. बरं वाटतं, यात शंकाच नाही. पण कधी वाटतं? समोरच्याबद्दल आपल्याला काही वाटत असेल तेव्हाच. ज्याच्या जगण्या-मरण्याशी मला देणंघेणं नाही, तो वाचल्याचा आनंद मला कुठून होणार? म्हणजे आधी कळकळ आणि मग समाधान. समाधान मिळतं म्हणून कळकळ खोटी ठरवणं म्हणजे फळ धरलं म्हणून मुळं नाकारणं.

डॅनियल बॅट्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हे तपासायला एक नामी प्रयोग केला. १९८१ मध्ये त्याचे निकाल छापून आले. एका तरुणीला विजेचे झटके बसताहेत असं लोकांना दाखवलं (खरे झटके नव्हते) आणि विचारलं, तिच्या जागी तुम्ही बसाल का? काहींना दोनच झटके बघून निघून जायची मुभा होती. माणूस फक्त स्वतःची अस्वस्थता टाळायला मदत करत असेल, तर अशा वेळी त्यानं सरळ निघून जावं. ज्यांना तिच्याबद्दल फारशी आपुलकी वाटत नव्हती, त्यांच्यातले बहुतेक गेलेच. ज्यांना वाटत होती, त्यांच्यातले बहुतेक मात्र वाट मोकळी असूनही तिच्या जागी बसायला तयार झाले. यावर पुढं बरेच वाद झाले, रॉबर्ट चाल्डिनी यांनी वेगळं स्पष्टीकरणही दिलं. मला मात्र बॅट्सनचं पटतं.

लहान मुलांकडं बघा. वॉर्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की दीड वर्षाचं पोर अनोळखी माणसाच्या हातून पडलेला कपड्याचा चिमटा उचलून देतं, हात भरलेले असतील तर कपाटाचं दार उघडून देतं. त्याच दोघांना पुढं असं दिसलं की मदतीबद्दल बक्षीस दिलेली मुलं नंतर कमी मदत करू लागतात. पुण्य आणि नावलौकिक या वयात कुठून आणणार?

पण तुमच्या प्रश्नाहून मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न: मदत करायची इच्छा असलेली माणसं कधीकधी नुसती उभी का राहतात? कारण मीही उभा राहिलोय.

काही वर्षांपूर्वी उचगावच्या बाजूला एका दुचाकीस्वाराला धडक बसली. तो रस्त्यावर पडलेला, भोवती वीस-पंचवीस माणसं. त्यात मी. कुणीतरी फोन केला असेल, कुणीतरी जाणता असेल, आपण हलवलं आणि काही वाईट झालं तर... अशी एक-दोन मिनिटं गेली. तेवढ्यात रस्त्याकडेला भाजी विकणारी मावशी गर्दीतून आत शिरली आणि थेट माझ्याकडं बोट करून ओरडली, "ओ चष्मेवालं, बघत काय उभारलायसा? रिक्षा थांबवा!" दुसऱ्याला म्हणाली, "तू रं लाल शर्ट, डोकं धर, मान हलू देऊ नकोस." त्या क्षणी माझे पाय मोकळे झाले. आम्ही त्याला सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेलं, तो वाचला. ती एक-दोन मिनिटं मात्र मी अजून विसरलेलो नाही.

जे माझं झालं ते डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच मोजून ठेवलं होतं. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज लोकांना ऐकवला. ऐकणाऱ्याला आपण एकटेच आहोत असं वाटत होतं तेव्हा, तो बोलत असतानाच ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१ टक्के. न उठलेले बेफिकीर नव्हते, त्यांचे हात थरथरत होते. जबाबदारी सगळ्यांची झाली की ती कुणाच्याच अंगाला चिकटत नाही.

मात्र यावरून 'गर्दी निर्दयच' असं म्हणू नका. या संशोधनाला निमित्त ठरली १९६४ मधली न्यूयॉर्कची किटी जेनोवीज हिची हत्या. ३८ जण खिडकीतून बघत राहिले, ही त्या वेळची बातमी पुढं अतिरंजित ठरली. आणि अॅमस्टरडॅम, केपटाउन आणि लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण संशोधकांनी तपासलं, तेव्हा दहापैकी नऊ वेळा निदान एक तरी तिऱ्हाईत मध्ये पडलेला दिसला.

पोलिसांची भीती हेही आपल्याकडं एक कारण असतं. म्हणून सांगतो: सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. हे घरच्यांनाही सांगा. आणि कधी तुम्हीच पडलात तर "कुणीतरी मदत करा" म्हणू नका, एका माणसाकडं बोट करून त्यालाच हाक मारा.

तालमीत पुराच्या दिवसांत नेमकं हेच होत होतं, हे मला अपघातानंतर उमगलं. तिथं कुणी "मदत करा" म्हणत नव्हतं. तू पीठ आण. तू ट्यूब घेऊन चिखलीच्या पोरांबरोबर जा. वहिनी, तुम्ही तव्यावर बसा. सर, तुम्ही मोजा. मग मी मोजत बसलो. शंभर भाकऱ्यांचा एक गठ्ठा, काका गाठ मारायचे, की पुढचा.