वाचक विचारतात: फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) जुन्या धूनची पहिली रेकॉर्ड कशी शोधायची?

प्रश्न : सर, मी खानापूरचा, आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. पोरगा बेळगावात व्हायोलिन शिकतोय, त्याला अमेरिकेतल्या खेड्यांतल्या जुन्या धूनचा नाद लागलाय, दिवसभर 'सॅली गुडिन' नाहीतर 'अर्कान्सा ट्रॅव्हलर'. ह्या सगळ्यात आधी कुणी रेकॉर्ड केल्या? नेटवर जो तो वेगळंच सांगूलालाय.

उत्तर : काका, वेगळं सांगतात कारण जो तो वेगळं मोजतो. भजनाची चाल कुणी बांधली हे जसं तुम्हाला सांगता येत नाही तसंच ह्या धूनचंही आहे, रेकॉर्ड व्हायच्या कितीतरी आधीपासून त्या वाजत होत्या, त्यामुळे शोधायची ती फक्त रेकॉर्डिंगची तारीख. 'सॅली गुडिन'ला टेक्सासचा अलेक्झांडर रॉबर्टसन धरा, त्याला सगळे 'एक्' (Eck) ह्या टोपणनावाने ओळखायचे. 1 जुलै 1922 ला न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर ह्या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने ती एकट्याने वाजवली, तीन मिनिटांत एकाच चालीची इतकी रूपं काढलीत की पोराला बसवून ऐकवाच. आदल्या दिवशी हेन्री गिलिलँडबरोबर दोन फिडलवर 'अर्कान्सा ट्रॅव्हलर' झाली होती. पण ती काही पहिली नव्हे, 1916 ला डॉन रिचर्डसनने कोलंबिया रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवलेली आहे, आणि त्याच्याही आधी लेन स्पेन्सरच्या विनोदी संवादाच्या रेकॉर्डमध्ये मधेमधे हीच धून येते, आता त्याला पहिली म्हणायचं का? मी म्हणेन हो, धून वाजली ना. बरेच जण 1923 च्या अटलांटातल्या 'फिडलिन' जॉन कार्सन ह्या वादकापासून मोजायला लागतात, तिथंच घोळ होतो, रॉबर्टसन त्याच्या वर्षभर आधीचा.

शोधायला सांता बार्बराच्या युनिव्हर्सिटीची 'डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज' ही साइट बघा, फुकट आहे. कंपनी प्रत्येक रेकॉर्डिंगला एक नंबर द्यायची, मॅट्रिक्स नंबर म्हणतात त्याला, त्याच्यापुढं रेकॉर्डिंगचा दिवस आणि गाव मिळतं. तबकडी बाजारात कधी आली ती तारीख वेगळी, ती धरू नका. नावाचं स्पेलिंग बदलून बदलून टाका, रॉबर्टसनच्या लेबलवर 'गुडेन' आहे, आज 'गुडिन' लिहितात, आणि एकाच नावाखाली दोन वेगळ्या धूनही सापडतात, म्हणून नाव जुळलं तरी पोराला आधी ऐकू दे, चाल तीच आहे का ते त्याचा कान सांगेल.