ॲपॉस्टिलच्या आधी दाखले तपासा

तासगावहून तुम्ही विचारलंय: नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला नोकरी लागली, बायको आणि दोन वर्षांची मुलगी बरोबर येणार, तर ॲपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्याला जोडायचं सरकारी प्रमाणपत्र, कशाकशाला लागेल, एजंटला काम द्यावं का, आणि मागं राहणाऱ्या द्राक्षबागेच्या सह्या-कागदांचं काय. मी मूळची मिरजेची, आता आइंडहोवेनमध्येच राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लागणारे कागद थोडेच आहेत. तिघांचे जन्मदाखले आणि तुमचा विवाह नोंदणी दाखला. इथं चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत, म्हणजे खेमेंटमध्ये, नाव नोंदवायला जावं लागतं. हे दाखले तिथंच मागतात. दाखला इंग्रजीत असेल तर डच भाषांतराची गरज नाही. आपल्याकडचे दाखले मराठी-इंग्रजी असतात, तेवढा खर्च वाचला. शिवाजी विद्यापीठाच्या डिग्रीला कंपनीनं स्वतःहून मागितलं नसेल तर हात लावू नका. कंपनी तुम्हाला हायली स्किल्ड मायग्रंट, म्हणजे उच्च कौशल्याचा परदेशी कर्मचारी, म्हणून आणत असेल, तर तो परवाना मुख्यतः पगाराच्या आकड्यावर मिळतो. पण दुबई-कतारला जाणाऱ्यांची कामं करून एजंटांना डिग्री आधी मागायची सवय लागलेली असते. ते देश ॲपॉस्टिलच्या करारात नाहीत, तिथं वकिलातीचा वेगळा शिक्का लागतो. तो रस्ता तुमचा नव्हे.

ॲपॉस्टिल म्हणजे 1961 च्या हेग कराराप्रमाणे कागदाला जोडलेलं प्रमाणपत्र. भारतात हा करार 2005 पासून लागू आहे. कागदावरची सही आणि शिक्का त्या अधिकाऱ्याचाच आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आत लिहिलेलं खरं की खोटं, नाव बरोबर की चूक, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. चुकीच्या नावाच्या दाखल्यालाही ॲपॉस्टिल बिनतक्रार मिळतं, आणि ती चूक पुढं खेमेंटच्या खिडकीवर उघडी पडते. म्हणून तुमचा खरा वेळ मंत्रालयात नाही, सांगली जिल्ह्यातच जाणार आहे.

जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथं असते, घर जिथं आहे तिथं नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे तुमच्या पत्नीचा जन्म तिच्या आजोळी झाला असेल तर दाखला त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, आणि तुमच्या मुलीचा कदाचित पत्नीच्या माहेरच्या गावी. जुन्या नोंदीत बऱ्याचदा फक्त 'मुलगी' एवढंच लिहिलेलं असतं, नाव नसतंच. ते आधी नोंदवून घ्या. मग तिन्ही दाखले, विवाह दाखला आणि पासपोर्ट एका टेबलावर ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. वडिलांचं नाव, आईचं नाव, लग्नाआधीचं आडनाव, सगळं. पत्नीचं लग्नानंतर पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली नोंद हाताशी असू द्या. कपाटातला जुना, हातानं लिहिलेला दाखला पाठवू नका, ताजी प्रत काढा. निवृत्त झालेल्या निबंधकाची सही पडताळायला कुणालाच जमत नाही. आणि लॅमिनेशन करून ठेवलेला कागद या कामाला बाद.

पुढचं काम त्या मानानं सरळ आहे. आधी मुंबईला मंत्रालयातल्या संबंधित विभागाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपॉस्टिल. परराष्ट्र मंत्रालय 2012 पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या संस्थांकडेच द्यावे लागतात. सरकारी शुल्क दर कागदाला 50 रुपये, वर त्या संस्थेचं थोडंफार. सांगलीचा एजंट जे हजार सांगतो, ते बहुतेक त्याच्या धावपळीचे. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरायची तयारी असेल तर स्वतः करा. रजा नसेल तर द्या एजंटला, पण मूळ कागदांची पोच लेखी घ्या.

आता बाग. सातबारा फक्त वडिलांच्या नावे असेल तर तुमच्या सहीचं काही अडत नाही. सामायिक खातं असेल, वाटणीपत्र किंवा विक्री होणार असेल, तर मुखत्यारपत्र लागेल, आणि ते निघण्याआधीच करा. फक्त नोटरी करून थांबू नका. तुमच्या वतीनं दस्त नोंदणीला सादर करायचा तर, तुम्ही भारतात राहत असताना केलेलं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित झालेलं लागतं. नोंदणी कायद्याचं कलम 33 तसंच सांगतं. गट नंबर, क्षेत्र आणि नेमकं कशाचे अधिकार, हे स्पष्ट लिहा. सगळेच अधिकार एका कागदात देणं मला पटत नाही, अगदी सख्ख्या भावाला द्यायचे असले तरी.

मुखत्यारपत्र इथं आल्यावर करायची वेळ आली तर दोन वाटा आहेत: हेगच्या भारतीय दूतावासासमोर सही, किंवा डच नोटरीसमोर सही करून त्यावर इथल्या जिल्हा न्यायालयाचं ॲपॉस्टिल. मी दूतावास निवडेन. तो शिक्का आपल्याकडच्या कचेरीत सगळ्यांच्या ओळखीचा. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. वडिलांना सांगून ठेवा, कुरिअरचं पाकीट टाकून देऊ नका. कागद कधी पोचला ते दाखवायला तेच उपयोगी पडतं.